१० मीटर एअर रायफल: मध्येच फ्लायर येतात, ग्रुप उघडतो? पेलेटचा डबा बदलायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं लिहितो, तुमचा त्रास यातलाच आहे का ते बघून घ्या.

होल्ड छान होता, ट्रिगर स्वच्छ सुटला, फॉलो थ्रू ठेवला, मनात "हा १०.४ तरी आहेच" म्हणून स्क्रीनकडे बघितलं आणि तिथे ९.४ डावीकडे. पुढचे सहा-सात शॉट परत १०.३, १०.५, १०.६. मग पुन्हा एक ९.५, या वेळी खाली. शॉट कॉल केला, म्हणजे सुटताक्षणी कुठे लागेल असं वाटलं, तिथे लागतच नाही, आणि हे रोज होत नाही, दोन दिवस रायफल सुतासारखी सरळ चालते आणि तिसऱ्या दिवशी परत सुरू. हा झाला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, एकटा भटका शॉट, म्हणजे फ्लायर, दिशा ठरलेली नाही.

बाकीचे प्रकार असे: ग्रुप (एका पाठोपाठ मारलेल्या शॉटचा पुंजका) उभा लांबतो, वरखाली पण बाजूला नाही. किंवा आडवा पसरतो. किंवा दोन वेगळे पुंजके पडतात, मध्ये जागा रिकामी, जणू दोन वेगळ्या झिरोवर (साइटच्या सेटिंगवर) मारलंय. किंवा ग्रुप घट्ट असतो पण तासाभरात हळूहळू एका बाजूला सरकतो. किंवा बराच वेळ रायफल ठेवून परत उचलली की पहिले दोन-तीन शॉट वर आणि मग नॉर्मल. किंवा नवीन डबा उघडला त्या दिवसापासून सगळंच ढिलं.

यातला कुठला ते वहीत लिहा, खरंच लिहा, फक्त "ग्रुप खराब" असं नको. कारण दिशा अर्धं उत्तर देते आणि नव्वद टक्के लोक दिशा न बघताच पेलेटला दोष देऊन नवीन डबे मागवायला लागतात. पोरांचा आत्मविश्वास जातो, पालकांचे पैसे जातात, आणि शेवटी निघतो एक सैल स्क्रू. मला याचंच वाईट वाटतं म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

हे सगळं पीसीपी म्हणजे कॉम्प्रेस्ड एअरच्या मॅच रायफलबद्दल आहे, ४.५ मिमी. एअर पिस्तूलवाल्यांना यातलं बरंचसं लागू पडेल. स्प्रिंगच्या रायफलचं तंत्रच वेगळं, ती इथे नको.

थोडे आकडे, कारण यांच्याशिवाय अंदाज चुकतो

रायफलच्या टार्गेटवर १० चा ठिपका फक्त ०.५ मिमीचा आणि पेलेट ४.५ मिमीचा. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत असेल तर १०.० किंवा वर. पुढे प्रत्येक ०.१ म्हणजे ०.२५ मिमी. १०.९ साठी पाव मिलिमीटरच्या आत, १०.५ साठी सव्वा मिलिमीटरच्या आत, आणि ९.५ म्हणजे साधारण पावणेचार मिलिमीटर बाहेर. हे डोक्यात ठेवा, कारण पुढे प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचारायचाय: हे कारण एवढे मिलिमीटर हलवू शकतं का? नसेल शकत तर त्याच्या मागे लागू नका.

आता तपासण्या, फुकटच्या आधी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रू आवळला, बॅरल (नळी) पुसली, डबा बदलला आणि सगळं एकदम करून ग्रुप सुधारला तर कशानं सुधारला ते कधीच कळणार नाही, आणि महिन्याभरानं त्रास परत आला की पुन्हा शून्यापासून.

सगळ्यात आधी सेफ्टी: रायफलला हात लावायच्या आधी बोल्ट उघडा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी) घाला, नळी टार्गेटच्या दिशेनं. स्क्रू तपासताना आणि नळीत बघतानासुद्धा हेच, आणि नळीत बघायचं ते सिलिंडर काढून आणि आतली उरलेली हवा सोडून. सिलिंडर काढला तरी आत एखाद-दुसऱ्या शॉटपुरती हवा राहते हे पुष्कळ जणांना माहीत नसतं.

१. रायफल की नेमबाज

हा प्रश्न विचारला की लोकांना राग येतो पण याला एक पैसा लागत नाही. तुमच्याइतका किंवा तुमच्यापेक्षा बरा नेमबाज असेल त्याला त्याच रायफलवर, त्याच पेलेटनं २० शॉट मारायला सांगा. त्याचेही मध्येच भटकले तर रायफल, पेलेट किंवा टार्गेट. त्याचे नाही भटकले तर रायफल निर्दोष ठरली असं नाही (चीक पीसवर, म्हणजे स्टॉकच्या गाल टेकवायच्या भागावर, त्याचा गाल वेगळा टेकतो) पण शंका हलकी होते.

दुसरा मार्ग म्हणजे टेबलवर रेस्ट लावून मारा. रेस्ट किंवा वाळूची पिशवी लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या पुढच्या भागाखाली, म्हणजे स्टॉकखाली ठेवायची. बॅरलखाली नाही, सिलिंडरखाली तर अजिबात नाही, तिथे टेकवली की इम्पॅक्ट बदलतो आणि तुम्ही नसलेला फॉल्ट शोधत बसता.

आडवा पसरणारा ग्रुप असेल तर इथेच थांबून कँट बघा, म्हणजे रायफल डावी-उजवीकडे कलण्याचा कोन. १७० मीटर प्रति सेकंद वेगानं पेलेटला १० मीटर जायला सहा शतांश सेकंदापेक्षा किंचित कमी लागतो, तेवढ्यात ती साधारण १७ मिमी खाली येते. ही भरपाई साइटमध्ये दिलेली असते. रायफल कलली की तीच भरपाई बाजूला वळते. ५ अंश कललं तर दीड मिमी, १० अंश कललं तर ३ मिमी, ज्या बाजूला कलली त्या बाजूला. म्हणजे नुसत्या कँटनं १०.५ चा ९.९ होऊ शकतो आणि नेमबाजाला रिंग एकदम गोल मध्यभागी दिसत असते, त्यामुळे तो शपथेवर सांगतो की शॉट चांगला होता! मागे कुणालातरी उभं करून मोबाईलवर व्हिडिओ घ्या, दहा शॉटचा, आणि फ्लायरच्या शॉटला फ्रंट साइटचा टनेल (पुढच्या साइटची गोल नळकांडी) बाकीच्यांपेक्षा वेगळा कललाय का ते बघा.

२. टार्गेट आणि लेन

लेन बदला. बस एवढंच. त्रास लेन सोडून तुमच्यासोबत आला नाही तर तो तुमचा नाहीच.

आवाजावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटमध्ये मागचं रबर किंवा कागदाची पट्टी नीट सरकत नसेल आणि एकाच जागी भलंमोठं भोक पडलं असेल तर रीडिंग चुकू शकतं. फ्रेम सैल असेल तरी तसंच. खात्री करायची तर साधं कागदी टार्गेट लावा, मागे सपाट पुठ्ठा ठेवून, म्हणजे भोकाच्या कडा स्वच्छ येतात. कागद आणि स्क्रीन यात फरक दिसला तर रेंजवाल्यांना सांगा, तो भाग स्वतः उघडू नका.

३. हातातला पेलेट

डबा बदलायचा नाही अजून, फक्त जे आहे ते नीट बघायचं. मॅच पेलेट मऊ शिशाची असते, पुढून सपाट, मागचा घेर म्हणजे स्कर्ट पातळ. डबा दप्तरात हिंदकळत आला, कधी खाली पडला, किंवा डब्यातून वाटीत वरून ओतली की स्कर्ट चेपतो. चेपलेला स्कर्ट हवा एका बाजूनं आधी सोडतो आणि पेलेट नळीतून बाहेर पडतानाच तिरकी होते, असा शॉट कुठल्याही दिशेला जातो. एकटा भटका, दिशाहीन शॉट, याचं हे पहिलं संशयित कारण.

वीस-पंचवीस पेलेट पांढऱ्या कागदावर स्कर्ट वर करून उभ्या ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च आडवा मारा. गोल सावलीऐवजी एका बाजूला सपाट कड किंवा खाच दिसली की ती बाजूला काढा. शिशाची बारीक कात्रणं डब्याच्या तळाला असतात, ती स्कर्टच्या आत चिकटून बसलेली दिसली तरी तसंच. मग गंमत म्हणून नाही तर मुद्दाम एक टेस्ट करा: चांगल्या दिसणाऱ्या २० मारा आणि बाजूला काढलेल्या १० वेगळ्या कागदावर मारा. फरक दिसला तर उत्तर मिळालं.

लोडिंगही इथेच बघायचं. पेलेट ट्रेवर तिरकी पडली आणि बोल्ट जोरात ढकलला की डोकं चेंबरच्या कडेवर घासतं. बंद करताना बोल्ट नेहमीपेक्षा जड गेला की तो शॉट मनात मार्क करा, फ्लायर बहुतेक वेळा तोच निघतो. बोल्ट एकसारखा, हळू.

आणि हो, शिसं आहे हे, पेलेट हाताळून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय तोंडाला काही लावायचं नाही. लहान पोरं पेलेट ओठात धरून ठेवतात, ते ताबडतोब बंद करा.

४. स्क्रू आणि साइट, इथे वेळ घालवा

मी बघितलेल्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त वेळा फॉल्ट इथे निघालाय, आणि नेमकं इथेच कुणी बघत नाही, कारण रायफल महाग आहे म्हणजे स्क्रू सैल होणारच नाही असं वाटतं. होतात. रायफल रोज उघडली, बॅगेत गेली, स्कूटरवरून हादरे खाल्ले, वेट्स पुढे-मागे केली, बट लांब-आखूड केला, सगळ्याचा परिणाम होतो.

दोन पुंजके पडत असतील तर सरळ डायऑप्टरपासून, म्हणजे मागच्या साइटपासून, सुरू करा. रायफल रेस्टवर स्थिर ठेवा, आरपार बघा, ब्लॅक (टार्गेटचा काळा गोल) रिंगमध्ये बसवा, आणि डायऑप्टरच्या बॉडीला बोटानं अगदी हलकं डावीकडे मग उजवीकडे दाबा. बोट काढल्यावर ब्लॅक परत त्याच जागी आला पाहिजे. एकदा इकडे एकदा तिकडे थांबत असेल तर आत प्ले (सैलपणा) आहे किंवा रेलवरचा क्लॅम्प सैल आहे. दोन पुंजक्यांचं हे अगदी ठराविक कारण, साइट दोन जागांपैकी एका जागी बसते, त्यामुळे मधलं काही नाहीच. क्लॅम्प आवळल्यावर प्ले गेला तर झालं काम. आवळूनही साइटच्या आत खुळखुळ राहिली तर ती उघडू नका, आतल्या बारीक स्प्रिंगा आणि गोळ्या उडून गेल्या की परत मिळत नाहीत, सर्व्हिसला द्या.

मग फ्रंट साइट. टनेल पकडून हलवा. आतली रिंग घट्ट बसलीय का, बदलणारी इन्सर्ट असेल तर तिचा नट. मग फ्रंट साइट ज्या ट्यूबवर बसते ती. बऱ्याच रायफलींवर नळीच्या पुढे एक एक्स्टेन्शन ट्यूब असते आणि फ्रंट साइट तिच्यावर असते. ही ट्यूब किंचित फिरली तर नळी जागच्या जागी पण साइट हलली. तासाभरात ग्रुप एका बाजूला सरकत जाणं, हे बऱ्याचदा यामुळे.

आणि त्याच ट्यूबच्या टोकाशी टॉर्च मारून आतल्या कडेकडे बघा (चेंबर रिकामं, सिलिंडर काढलेला, आतली हवा सोडलेली, फ्लॅग लावलेला, परत सांगतो). शिशाचा राखाडी ओरखडा फक्त एका बाजूला दिसला तर पेलेट बाहेर पडताना तिथे घासतेय. ट्यूब सरळ बसलेली नाही. हे एकदा दिसलं की बाकी काही तपासायच्या आधी हेच दुरुस्त करा, कितीही भारी पेलेट घाला, घासणारी पेलेट सरळ जाणार नाही. ट्यूब काढून बसण्याची जागा पुसा, सरळ बसवा, आवळा, परत मारा.

मग स्टॉकचे स्क्रू, म्हणजे अॅक्शन स्टॉकला धरून ठेवणारे. इथे ताकद लावायची नाही, मॅन्युअलमध्ये जो टॉर्क दिलाय तोच, टॉर्क रेंच रेंजवर कोच किंवा आर्मररकडे (रायफल दुरुस्त करणाऱ्याकडे) असतो. दोन स्क्रू असतील तर दोन्ही आधी हलके टेकवून मग आळीपाळीनं आवळायचे, एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर अॅक्शन ताणात बसते. शेवटी चीक पीस, बट प्लेट, वेट्स.

सगळं झालं की एक साधं काम करा: प्रत्येक महत्त्वाच्या स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीवर जाईल अशी नेल पॉलिशची बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय, पाना काढायचीही गरज नाही. रोज रायफल उघडताना दहा सेकंदात नजर फिरते.

५. हवा

गेज बघा. सिलिंडर भरतो साधारण २०० बारला, रेग्युलेटर तो दाब बराच खाली आणून एकसारखा देतो. सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या सेटिंगखाली गेला की शॉट खाली खाली पडायला लागतात, एकामागून एक. मॅचच्या शेवटच्या वीस शॉटला ग्रुप खाली लांबत असेल आणि सिलिंडर बदलल्यावर बरा होत असेल तर रायफलला काही झालेलं नाही, तुम्ही सिलिंडर जास्त ओढताय. खालची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तिच्या बरंच आधी भरा.

गळती: भरलेला सिलिंडर रायफलला लावून रात्रभर ठेवा, दुसरा नुसता बाजूला ठेवा. सकाळी फक्त लावलेल्याचा काटा उतरला असेल तर गळती रायफलमध्ये, दोन्हीचा उतरला तर सिलिंडर किंवा नुसतं थंड झाल्यामुळे. भरताना हवा गरम होते, गार झाल्यावर काटा थोडा उतरतोच, त्याला गळती म्हणू नका, म्हणून भरल्यावर लगेच नाही तर तासाभरानं पहिलं रीडिंग घ्या.

सिलिंडरवरची तारीख वाचा. मॅच रायफलच्या सिलिंडरची मुदत साधारणपणे तयार झाल्यापासून १० वर्षं असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला अडतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २०० बार चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतात. मुदत संपली, पोचा आला, आटे खराब झाले की तो सिलिंडर परत भरायचा नाही, चर्चा नाही. भरायची ती फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीच नाही. आणि हवेच्या भागांना साधं तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, उच्च दाबात ते पेट घेऊ शकतं.

६. नळी

लोक एकतर वर्षानुवर्षं पुसत नाहीत किंवा रोज पुसतात. दोन्ही चूक. शिशाचा पातळ थर बसून नळी स्थिरावते, पुसल्यावर तो जातो आणि पुढचे काही शॉट इकडेतिकडे जातात. म्हणून पुसल्यावर दहा-पंधरा शॉट मारून मगच ग्रुप बघायचा. मॅचच्या सकाळी पुसायचं नाही.

पद्धत: फेल्टचे क्लीनिंग पेलेट, उत्पादकानं सांगितल्याप्रमाणे, आणि मागून पुढे. पितळी ब्रश नको, वाट्टेल ते सॉल्व्हंट नको, ते मागे उतरून सील खातं. फेल्ट काळा आला तर ठीक, त्यावर शिशाचे चकचकीत कण आले तर साफ करायची वेळ झालीच होती.

नळीचं तोंड म्हणजे क्राऊन, भिंग घेऊन बघा. कडेला एकाच जागी टोचा किंवा खरचटलेलं दिसलं तर तो घरी काढायचा प्रकार नाही.

७. क्रोनोग्राफ

हे पेलेटचा वेग मोजायचं यंत्र. उभा ग्रुप असेल तरच याच्या मागे लागा. रेंजवर असेल तर वापरा, विकत घ्यायची घाई नको. २० शॉट मारा, प्रत्येक वेग लिहा, क्रमानं. मॅच रायफलचा वेग साधारण १६५ ते १७५ मीटर प्रति सेकंद, आणि चांगल्या स्थितीतल्या रायफलमध्ये शॉट-शॉटमधला फरक दोन-तीन मीटरमध्ये राहतो.

आता हिशोब बघा. १७० ऐवजी १६५ झाला तर पेलेट १७ ऐवजी १८ मिमी खाली येते. म्हणजे ५ मीटरचा फरक फक्त १ मिमी हलवतो, ०.४ पॉइंट. आणि ९.५ येण्याइतकं खाली न्यायला वेग पंधरा मीटरपेक्षा जास्त पडायला लागेल, तेवढा पडला तर आवाजातसुद्धा कळेल. म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं की तुमचा वेग दोन मीटर इकडेतिकडे होतोय म्हणून डावीकडे ९.४ जातोय, तर विश्वास ठेवू नका. वेगाचा फरक वरखाली हलवतो, बाजूला नाही, आणि तोही थोडाच.

आकड्यांचा क्रम महत्त्वाचा. थांबून परत सुरू केल्यावर पहिले एक-दोन शॉट जास्त वेगाचे आणि मग स्थिर: रेग्युलेटर विश्रांतीत दाब वर सरकू देतोय, त्याला क्रीप म्हणतात. हळूहळू उतरता क्रम: हवा संपतेय किंवा रेग्युलेटर भरायला उशीर करतोय. कसाही वरखाली: व्हॉल्व्ह, हॅमर किंवा सील. या तिन्हींपैकी काही निघालं, आणि हवा पुरेशी होती, तर तुमचं काम संपलं, आर्मररकडे जा.

८. आता पेलेटची बॅच टेस्ट

इथपर्यंत काहीच सापडलं नसेल तरच. कारण सैल साइटवर केलेली बॅच टेस्ट म्हणजे निव्वळ नशीब, ज्या डब्याच्या वेळी साइट जागेवर बसली तो "बेस्ट" ठरतो आणि मग लोक त्याचे पन्नास डबे साठवतात.

मॅच पेलेट रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमची असते, आणि डोक्याचा आकार ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा मिळतो. एकाच नावाच्या, एकाच आकाराच्या दोन बॅच वेगळ्या वागू शकतात कारण साचा झिजतो, बदलतो. म्हणून टेस्ट नावाची नाही, बॅच नंबरची करायची. डब्यामागचा नंबर लिहून ठेवा, डबे एकमेकांत ओतू नका.

वजन करून पेलेट निवडणाऱ्यांसाठी: वेळ जपून वापरा. पेलेट १ टक्का जड निघाली, म्हणजे ०.००५ ग्रॅम, तर वेग अर्धा टक्का कमी होतो आणि खाली येणं ०.१७ मिमीनं वाढतं. हे ०.१ पॉइंटही नाही. त्यापेक्षा स्कर्ट बघण्यात तो वेळ घालवा.

रायफल फिक्स्चरमध्ये धरलेली सगळ्यात उत्तम, नाहीतर रेस्टवर. बॅच बदलली की आधी दहा शॉट नुसते मारून टाका, नळीला नवीन शिशाची सवय होऊ दे. मग १० शॉटचे निदान तीन ग्रुप प्रत्येक बॅचचे, आणि क्रम उलटसुलट: आधी अ, ब, क मग क, ब, अ. सरळ एकाच क्रमानं मारलं तर शेवटच्या बॅचला तुमचा थकवा आणि कमी झालेली हवा मिळते.

५ शॉटच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नका. पाच शॉट भोकात भोक जाणं हे चांगल्या नशिबानं होतं, आणि दर वीस शॉटला एक भटकणारी बॅच पाच शॉटमध्ये बहुतेक वेळा पकडलीच जाणार नाही. शिवाय ५ आणि १० शॉटच्या ग्रुपची तुलना होत नाही, शॉट वाढले की ग्रुप वाढतोच.

मोजायचं असं: ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, त्यातून ४.५ मिमी वजा, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. कागदातलं भोक पेलेटपेक्षा किंचित लहान पडतं पण सगळ्या बॅचला एकच पद्धत वापरली की चालतं. १० शॉट बाहेरून बाहेर ६ ते ७ मिमी आले तर नळी आणि पेलेटचं जमतंय, एवढ्यात सगळे शॉट साडेदहाच्या आसपास किंवा वर राहतात, आता पुढे स्वतःवर काम करा. सगळ्याच बॅच ९-१० मिमी दाखवत असतील तर दोष बहुतेक पेलेटचा नाही, रायफलमध्ये आहे. आणि एकच बॅच वाईट, बाकी छान, तर तेवढा डबा सरावाला द्या आणि विषय संपवा.

कुठे थांबायचं

हे नाइलाज म्हणून नाही, जीव आणि रायफल दोन्ही वाचवायला सांगतोय. खालच्या गोष्टीत हात घालू नका:

रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, सिलिंडरचा वरचा भाग, गेज. व्हिडिओ बघून उघडणारे आहेत, दाब आत असताना उघडलेला एक फिटिंग डोळा घेऊन जाऊ शकतो.

ट्रिगरच्या आतलं. वजन आणि ट्रॅव्हल बाहेरच्या स्क्रूनं मॅन्युअलप्रमाणे बदला, त्यापलीकडे नाही. रायफल बोल्ट बंद करताना सुटली, हादऱ्यानं सुटली, बोट न लावता सुटली, तर त्या क्षणी शूटिंग बंद, नळी टार्गेटकडे तशीच ठेवून रेंज ऑफिसरला बोलवा. "एकदाच झालं" म्हणून पुढचा शॉट मारायचा नाही.

पेलेट नळीत अडकली तर दुसरी मागून मारून काढायची नाही. हवा काढा, आर्मररला द्या. पुढून सळई घालून ठोकली की क्राऊन गेला.

सिसकारीचा आवाज येत असेल, कितीही बारीक, तर वापर थांबवा.

क्राऊनवर जखम, नळी अॅक्शनमध्ये हलणं, स्टॉकला चीर.

आर्मररकडे जाताना "ग्रुप येत नाही" एवढं सांगून रायफल देऊ नका, त्यालाही मग हेच सगळं पहिल्यापासून करावं लागतं आणि रायफल तिथे पडून राहते. सोबत द्या: ग्रुपचे कागद, प्रत्येकावर तारीख, बॅच नंबर आणि सिलिंडरचा दाब लिहिलेला. क्रोनोग्राफचे आकडे क्रमानं. दुसऱ्या नेमबाजानं मारलेला ग्रुप वेगळा. कुठले स्क्रू आवळले आणि कधी. शेवटची सर्व्हिस कधी झाली. आणि तुमच्याच पेलेटचा डबा, म्हणजे दुरुस्तीनंतर तो त्याच पेलेटवर तपासून देईल. रायफल परत आली की रेस्टवर १० शॉटचे तीन ग्रुप मारून जुन्या कागदांशेजारी लावा, झिरो नव्यानं करा, आणि नेल पॉलिशच्या रेघा परत ओढा, सर्व्हिसमध्ये त्या पुसल्या गेलेल्या असतात.